पाणी पिणारं तोंड

नारायणरावांनी लाँचच्या इंजिनावरचं झाकण उचललं आणि पहिलं काय दिसलं, तर दोऱ्यात ओवलेलं लिंबू आणि सात मिरच्या.

"हे कोणाचं डोकं?" त्यांनी विचारलं.

"माझंच, मामा," ऋषिराज म्हणाला. "लय तापत हुतं. समदं करून बघितलं."

"ऋषिराजराव, इंजिनाला दृष्ट लागत नाही. अडाणी मालक लागतो."

ऋषिराजने लिंबू-मिरची सोडवून खिशात टाकली.

नारायणरावांनी वालचंदनगरच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली होती. फिटर म्हणून लागले, फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि बारामतीत फ्लॅट घेऊन राहिले. त्यांची एकुलती एक मुलगी विनया हिनं कळसच्या या ऊसवाल्याच्या पोराशी लग्न केलं, तेव्हापासून ते जावयाला 'राव' म्हणत आणि त्या एका शब्दात जेवढा तुच्छपणा बसेल तेवढा बसवत. आता या जावयानं कोकणातल्या एका मच्छीमाराकडून जुनी पत्र्याची लाँच विकत घेतली होती, उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांना फिरवायला. अर्ध्या वाटेवर इंजिन तापून बंद पडायचं. विनयानं फोन केला म्हणून ते आले होते, नाहीतर या चिखलाच्या काठाला त्यांनी पाय लावला नसता.

तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट काढून फेकलेला. कूलंटच्या जागी विहिरीचं पाणी. मोबाईलवरच्या कुठल्याशा व्हिडिओत बघून हे सगळं केलेलं. एकेक गोष्ट बघताना नारायणरावांचा ओठ वाकडा होत गेला. पण हात मात्र शांतपणे चालत होते. लाँचच्या डाव्या कडेला, पाण्याखाली, एक भोक असतं. तिथून पंप धरणाचं पाणी ओढून कूलरमध्ये सोडतो, त्या पाण्यानं कूलंट थंड होतं आणि कूलंटनं इंजिन. त्यांनी पंप उघडला. आतल्या रबरी चक्रीच्या सहा पाकळ्यांपैकी तीन गायब होत्या. उरलेल्यांच्या कडा जळून कडक झाल्या होत्या.

"कोरडी फिरलीय," ते म्हणाले. "पाण्याच्या वाटेवरची जाळी जलपर्णीनं तुंबली असणार. साफ करायला कष्ट पडतात ना."

"रोज काढतो मी जाळी, मामा."

"दिसतंय."

तुटलेल्या पाकळ्यांचे तुकडे त्यांनी कूलरच्या तोंडातून चिमट्यानं ओढून काढले. नवी चक्री मुंबईहून मागवली, थर्मोस्टॅट परत बसवला, कूलंट भरलं. मग दोघं तासभर पाण्यात फिरून आले. तापमानाचा काटा ब्याऐंशीवर जो थांबला तो हलला नाही. धक्क्यावर उतरताना नारायणरावांनी हात पुसले आणि जावयाला, धक्क्यावर चहा पिणाऱ्या चार नावाड्यांना आणि तिथंच मासे तळणाऱ्या बनाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "याला शिक्षण लागतं."

रविवारी अठरा माणसं भरून लाँच निघाली. नारायणराव इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या बाकावर बसले होते. पक्ष्यांच्या थव्याजवळ ऋषिराजने इंजिन हळू केलं, लोकांचे कॅमेरे बाहेर आले. काटा नव्वदवर गेला. मग शंभरवर. मग वाफ सुटली आणि इंजिन बंद करावं लागलं. एका मच्छीमारानं दोर बांधून सगळ्यांना ओढत काठाला आणलं. चष्मेवाल्या एका बाईनं विचारलं, "काका, तुम्ही मेकॅनिक आहात ना?" नारायणरावांनी इंजिनाचं झाकण उचललं. मेकॅनिक! हा शब्द त्यांना आयुष्यात कोणी लावला नव्हता.

जाळी त्यांनी स्वतः काढून पाहिली. लख्ख होती. चक्रीच्या दोन पाकळ्या मात्र गेल्या होत्या.

"रबर बनावट," त्यांनी जाहीर केलं. "दुकानदार चोर आहे."

दुसरी चक्री आली. रिकाम्या लाँचमध्ये काटा पुन्हा ब्याऐंशी. माणसं भरली की पुन्हा वाफ.

मग एके दिवशी ऋषिराज डिझेल आणायला इंदापूरला गेला होता. नारायणराव पंप मांडीवर घेऊन धक्क्यावर बसले होते. बनाबाई कढईतला मासा उलटत म्हणाली, "तात्या, एक बोलू का? रिकामी असली की न्हाय तापत ती. माणसं असली की तापती."

"वजन वाढलं की इंजिन तापतंच, बाई. तुम्ही मासे बघा."

"वजनानं न्हाय वो. पाखरं बसत्यात उजवीकडं. समदी माणसं फोटू काढाया तिकडंच सरकत्यात. मग डावी बाजू वर येती आन् तिचं ते पाणी पिणारं तोंड हवा वडतंय. मी जाळं टाकाया जाते तवा होडीतनं बघितलंय. फुर्र फुर्र करतंय."

नारायणरावांनी तिच्याकडे पाहिलं. काळवंडलेले हात, नाकात नथ नाही, पायात टायरच्या चपला. ही त्यांना पंप शिकवणार.

"बरं," ते म्हणाले आणि पंपाकडे वळले.

पण पुढच्या फेरीला त्यांनी काट्याकडे पाहिलंच नाही. लोक उजवीकडे सरकले, लाँच कलली, तेव्हा ते डाव्या कडेवर पोटावर पडले आणि मान बाहेर काढून खाली बघत राहिले. भोक पाण्याबाहेर आलं होतं. लहान मूल नळीनं सरबत संपवताना करतं तसला आवाज येत होता. पहिल्याच दिवशी जळालेली चक्री हातात घेऊन त्यांनी स्वतःच म्हटलं होतं, कोरडी फिरलीय. का फिरली, हे विचारायचं सोडून त्यांनी जाळीला नावं ठेवली, मग दुकानदाराला. चौतीस वर्षांत एखाद्या शिकाऊ पोरानं असं केलं असतं तर त्यांनी त्याला गेटबाहेर काढलं असतं.

"बसा जागेवर!" ते उठून लोकांवर ओरडले. "पाखरं आहेत ती, सोनं नाही!" एकदोघांनी त्यांचाच व्हिडिओ काढला.

लाँच काठावर ओढली. वेल्डिंगवाल्याला बोलावून नारायणरावांनी जुन्या भोकावर पत्र्याचा तुकडा बसवून घेतला आणि पाणी ओढायची नवी जागा तळाच्या मधोमध काढली, जिथं लाँच कितीही कलली तरी पाणी राहील. आखणी त्यांची, माप त्यांचं. काम दोन दिवस चाललं.

"मला आधीपासून शंका होतीच," तिसऱ्या दिवशी ते ऋषिराजला म्हणाले.

"व्हय, मामा."

पुढच्या रविवारी एकवीस माणसं होती. थव्याजवळ सगळी उजवीकडे लोटली, लाँच कलली. काटा ब्याऐंशी. एका तरुणानं विचारलं, ही लाँच मागं बंद पडायची तीच ना?

ऋषिराज सुकाणूवरून मोठ्यानं म्हणाला, "तीच. आमच्या सासऱ्यांनी दुरुस्त केली. वालचंदनगरला फोरमन हुते. मुंबईचा माणूस आला असता तरी त्याला सापडलं नसतं."

लोकांनी वळून पाहिलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नारायणरावांना बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ऋषिराज त्यांच्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "बनाबाईला म्या सांगून ठेवलंय, कुणाजवळ बोलू नगंस म्हणून. मलाबी ती पंधरा दिवस हेच सांगत हुती. तुमच्याम्होरं बोलायचा धीर झाला न्हाय."

पंधरा दिवस हा माणूस शिव्या खात, जाळ्या काढत, तोंड मिटून बसला होता, आणि ते तोंड नारायणरावांनीच मिटवलं होतं. आता त्यांची अब्रू तो झाकत होता, आणि तेही खुशीनं. इस्त्रीच्या शर्टात त्यांना उकडायला लागलं. मघाच्या तरुणाला खरं सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"काट्यावर लक्ष ठेवा," ते ऋषिराजला म्हणाले. या वेळी पुढं 'राव' आलं नाही, पण जे सांगायला तोंड उघडलं होतं तेही आलं नाही.

लाँच धक्क्याला लागली. लोक उतरून बनाबाईच्या कढईभोवती जमले. नारायणराव तिच्याकडे न बघता, पायाखालचा चिखल चुकवत गाडीकडे चालत गेले.