दर रविवारचा पश्चात्ताप

नळदुर्गच्या अलीकडं, हायवेच्या कडेला बब्रुवानचं पंक्चरचं दुकान होतं. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असलं, की तो टायरांच्या ढिगावर बसून उद्याच्या पश्चात्तापाचा सराव करायचा.

"मी पापी होतो," तो समोरच्या कॉम्प्रेसरला सांगायचा. "माझ्या आत्म्याची ट्यूब फाटली होती. ठिगळं लावून लावून चालवत होतो. मग प्रभूनं मला नवी ट्यूब घातली."

कॉम्प्रेसर मोठा सुस्कारा सोडायचा. तो कुणासमोरही सोडायचा, पण बब्रुवानला तेवढं पुरे होतं.

दुकानामागं पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. तिथं चुलीपाशी बसून त्याची बायको दैवशाला हे सगळं ऐकायची. पाप बहुतेक तिच्याच अंगावर झालेलं असल्यामुळं तिला साक्ष तोंडपाठ होती. कुठं आवाज बारीक होतो, कुठं डोळे पुसले जातात, 'ह्याच हातांनी' म्हणताना हात किती वर जातात, सगळं.

देवानं आपलं आयुष्य कसं बदललं ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं, ही साक्ष. पास्टर अण्णारावांच्या मंडळीत इतर लोकही साक्ष द्यायचे. कुणाची म्हैस सापडलेली असायची, कुणाचा ताप उतरलेला असायचा. पण बब्रुवानच्या साक्षीत दारू होती, जुगार होता, बायकोची मारहाण होती आणि शेवटी ट्रकखाली जाता जाता वाचणं होतं. म्हशीचा तिथं काय टिकाव लागणार? मंडळीत पेटीऐवजी कीबोर्ड वाजवणारा श्रीनाथ हळूच रडका सूर धरायचा आणि बायका पदर तोंडाला लावायच्या. पुढं उमरग्याच्या मंडळीनं बब्रुवानला बोलावून घेतलं, मग येडशीच्या. येडशीत त्याला दोनदा पश्चात्ताप करावा लागला, कारण पहिल्या वेळी माईक बंद होता.

दारू त्यानं खरंच सोडली होती. एवढं दैवशालाही मान्य करायची. आधी तो पिऊन मारायचा, आता शुद्धीत मारायचा. फरक म्हणाल तर आता नेम चुकत नव्हता.

साक्षीचा शेवट ठरलेला होता. "आणि माझ्या पत्नीनं मला क्षमा केली," बब्रुवान म्हणायचा. "भगिनी दैवशाला, उभ्या राहा." दैवशाला उभी राहायची. मान हलवायची. टाळ्या पडायच्या. उपासना सुटल्यावर बायका तिचा हात दाबून म्हणायच्या, "नशीबवान हाईस बघ. आमचे दादले पाप करत्यात, पण कबूल कुठं करत्यात?"

दाबलेला हात कधी कधी दुखरा असायचा. ती हसायची. दीडशे माणसांत उभं राहून माणूस किती एकटं असू शकतं, हे तिला दर रविवारी नव्यानं कळायचं.

ती पास्टरांकडं गेली नव्हती असं नाही. तीनदा गेली होती. पहिल्यांदा पास्टरांनी तिला धीर मिळावा म्हणून प्रार्थना केली. दुसऱ्यांदा तिला आणखी धीर मिळावा म्हणून केली. तिसऱ्यांदा त्यांनी बब्रुवानलाच बोलावून घेतलं, दोघांना एकमेकांचा हात धरायला लावला आणि डोळे मिटून खूप वेळ प्रार्थना केली. घरी गेल्यावर बब्रुवाननं तोच हात पिरगाळला.

अण्णाराव वाईट माणूस नव्हते. गुडघ्यांना घट्टे पडेपर्यंत प्रार्थना करणारा म्हातारा होता तो. पण पूर्वी त्यांच्या पत्र्याच्या देवळात चाळीसेक माणसं यायची, बब्रुवानच्या साक्षीपासून चटया कमी पडायला लागल्या होत्या. देवाचं काम वाढतंय, असं त्यांना मनापासून वाटायचं. आणि देवाचं काम वाढत असताना एका बाईचं मनगट मध्ये आणायचं म्हणजे त्यांना जिवावर यायचं.

घरी चुलीपुढं बसून दैवशाला आपली वेगळी प्रार्थना करायची. "बापा, तुला तरी दिसायलंय न्हवं?" एवढीच. उत्तर यायचं नाही. पण 'धीर धर' असंही त्यानं तिला एकदाही सांगितलं नव्हतं. ते सगळं पास्टर सांगायचे.

यंदाच्या संजीवन सभेत, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांच्या वर्षाच्या मोठ्या मेळाव्यात, शेवटच्या दिवशी बब्रुवानला मंडळीचा वडील नेमायचं ठरलं. वडील म्हणजे पास्टरांच्या खालोखाल. मंडळीतल्या घरांची भांडणं ऐकून घ्यायची आणि मिटवायची, हे वडिलांचं काम. दैवशालानं भाकरी थापता थापता याचा नीट विचार केला. म्हणजे इथून पुढं नवऱ्यानं मारलं, तर तिला नवऱ्याकडं तक्रार करायची होती. नवरा दोन्ही बाजू ऐकून घेणार होता. मग नवराच धीर मिळावा म्हणून प्रार्थना करणार होता.

तिला हसू आलं. ते हसू बराच वेळ थांबेना, तेव्हा तिला भीती वाटली.

गुरुवारी बब्रुवाननं तिला समोर बसवलं.

"ह्या वेळी नुस्ती मुंडी हलवून भागायचं न्हाय. हजार माणूस येणाराय. बोलायचं. 'म्या त्यांना मनापासून क्षमा केली.' म्हण."

"म्या त्यांना मनापासून क्षमा केली."

"अगं, भेंडी कशी दिली इचारल्यागत काय म्हणायलीस? रडून म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. रडू येईना.

"आता माझं ऐक. 'आज मी माझ्या पत्नीवर हात उचलत नाही.' हितं तू माझ्याकडं बघायचं. बघ की! कुठं बघायलीस?"

ती चुलीकडं बघत होती. दूध उतू चाललं होतं.

आपण आता बायकोवर हात उचलत नाही, हे वाक्य बायको नीट ऐकत नाही म्हणून बब्रुवाननं तिच्यावर हात उचलला. हातात टायर खोलायची टामी होती. दैवशालानं डावा हात आडवा घातला. मनगटातून आवाज आला तो दोघांनी ऐकला.

मग तो गुडघ्यावर बसला. वर पत्र्याकडं तोंड करून त्यानं प्रभूची क्षमा मागितली. आवाज चिरला, डोळ्यांतून खरं पाणी आलं. क्षमा मागून झाल्यावर त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"हे लई भारी झालं," तो स्वतःशीच म्हणाला. "रविवारी असंच यायला पायजे."

दूध उतू गेलेलं होतं.

रविवारी सकाळी सभेच्या मांडवामागं बायका जेवणाला लागल्या होत्या. दैवशालानं मनगटाला फडकं गुंडाळलं होतं आणि ती एका हातानं भाकरी थापत होती. भाकरी एका अंगाला जाड यायची. शेजारी हरणाबाई बसली होती, मंडळीतली सगळ्यांत जुनी विधवा. तिनं एक भाकरी उचलून पाहिली आणि मग हात पाहिला.

"कशानं गं?"

"टायर पडलं."

हरणाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं.

"माझ्या अंगावर बी लई वर्सं दार पडायचं," ती म्हणाली.

"कुठलं दार, आत्या?"

"घराचंच. मालक वारल्यावर पडायचं थांबलं."

हरणाबाईनं तिच्यापुढची परात आपल्याकडं ओढून घेतली आणि तिच्या वाटणीचं पीठ मळायला लागली. "म्या कुणाला सांगितलं न्हवतं," ती परातीत बघत म्हणाली. "कुणी इचारलंच न्हाय."

दुपारी मांडव भरला. बब्रुवान पांढऱ्या शर्टात उभा राहिला आणि, खोटं कशाला बोला, त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली साक्ष दिली. ट्यूब फाटली, ठिगळं लागली, ट्रक आला, गेला. मागं बसलेला एक ड्रायव्हरसुद्धा रडला. स्टेजवर पास्टर अण्णाराव तेलाची बाटली हातात धरून बसले होते. वडील नेमताना ते त्याच्या कपाळाला लावायचं होतं.

"आज मी माझ्या पत्नीवर हात उचलत नाही," बब्रुवान म्हणाला. "भगिनी दैवशाला, उभ्या राहा."

श्रीनाथनं रडका सूर धरला.

दैवशाला उठली नाही.

"भगिनी दैवशाला."

शेजारच्या बायकांनी ढोसलं. "ऊठ की गं, लाजतीस काय?" श्रीनाथनं सूर धरूनच ठेवला. असला सूर जरा वेळच धरायचा असतो. फार लांबला की त्यातलं रडणं संपतं आणि नुसता आवाज उरतो.

"दैवशाले!" हे बब्रुवान माईकपासून तोंड बाजूला करून बोलला, पण माईक चांगला होता. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

बाईला संकोच वाटत असेल, म्हणून एका कार्यकर्त्यानं पळत येऊन दुसरा माईक तिच्या हातात दिला. तिनं तो उजव्या हातात धरला आणि ती बसूनच बोलली.

"ह्यांनी देवाची माफी मागितली. तुमची समद्यांची मागितली. येडशीत दोनदा मागितली, माईक बंद व्हता म्हणून. माझी कवाच मागितली न्हाय. मला नुस्तं उभी राहा म्हणत्यात."

तिनं दम घेतला. ती थांबली, म्हणजे नेहमीची जागा आली असं समजून मागच्या रांगेतला एक ठार बहिरा म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "हालेलुया!"

"गुरुवारी हात मोडला माझा," दैवशाला म्हणाली. "आता मारत न्हाय, हे नीट म्हणून दाखवायचं चाललं व्हतं. त्यात मोडला."

श्रीनाथनं कीबोर्डवरचे हात काढून मांडीखाली घेतले.

बब्रुवान स्टेजवरच गुडघ्यावर कोसळला. त्यानं दोन्ही हात पसरले, तोंड वर मांडवाच्या कापडाकडं केलं. "प्रभू! मला पाप्याला क्षमा कर!" आवाज गुरुवारसारखाच चिरला. फार सुंदर चिरला.

"बगा," दैवशाला म्हणाली. "म्या हितं बसलीय, आन् ह्यांचं तोंड परत तिकडंच."

बायकांतून हरणाबाई उठली आणि गुडघे धरत धरत येऊन दैवशालाशेजारी बसली. तिनं काही साक्ष दिली नाही. नुसती बसली.

पास्टरांनी तेलाची बाटली खुर्चीखाली ठेवली. बांबूला धरून ते पायऱ्या उतरले. कुणीतरी त्यांच्यापुढं माईक केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला. पुढच्या दोन रांगांनाच काय ते ऐकू गेलं.

"बाई, तू तीनदा माझ्या दारात आलीस. मी तीनदा तुला त्याच्याकडं परत पाठवलं. गर्दी वाढायलीय, ह्याच्यात मला सुख वाटत होतं. मला दिसत होतं. मी डोळे मिटून प्रार्थना करायचो, ते दिसू नये म्हणून बी करायचो." त्यांचे डोळे कोरडे होते. "मी तुझी माफी मागतो. द्यावी वाटली तर दे. नसंल तर नको देऊ."

दैवशालानं थोडा विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणीतरी हे विचारलं होतं, त्यामुळं घाई करावीशी वाटेना.

"सध्या न्हाय देत," ती म्हणाली.

"बरं," पास्टर म्हणाले. "मग मी काय करू?"

"उठायला हात द्या. मला हा हात टेकवत न्हाय."

त्यांनी हात दिला. ती उठली.

"चल, तुला घरी..." पास्टर सवयीनं बोलून गेले.

"घरी न्हाय."

"न्हाय न्हाय. घरी न्हाय."

बाहेर निघताना त्यांनी एका कार्यकर्त्याला सांगितलं, आज कुणालाही वडील नेमायचं नाही, लोकांना जेवायला वाढा. स्टेजवर बब्रुवान अजून गुडघ्यावरच होता. संगीत नसल्यामुळं उठायचं केव्हा, हे त्याला कळेनासं झालं होतं.

दवाखान्यात हाताला प्लास्टर झालं. तिथून ती आणि पास्टर पोलीस ठाण्यात आले आणि बाकावर बसले. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती. रस्त्यावरून ट्रक जायचे तेव्हा खिडकीची काच थरथरायची. आज रात्री कुठं झोपायचं, ते दैवशालाला माहीत नव्हतं. हरणाबाई 'माझ्याकडं ये' म्हणाली होती. तिच्या घराला दार एकच होतं आणि ते आता पडत नव्हतं.

पास्टरांनी हात जोडले. मग तिच्याकडं पाहिलं.

"प्रार्थना करू का?"

"आधी तक्रार लिहून व्हऊ द्या."

त्यांनी हात सोडले आणि मांडीवर ठेवले.

हवालदारीणबाई कागद घेऊन आल्या. त्यांनी दैवशालाचं नाव घेतलं, गाव घेतलं, नवऱ्याचं नाव घेतलं. मग पेन म्हाताऱ्याकडं वळवलं.

"आन् तुमी कोण ह्यांचे? भाऊ का?"

"न्हाय," अण्णाराव म्हणाले. "ह्यांना तीनदा घरी परत पाठवलं, तो मी."

हवालदारीणबाईंनी मान वर करून दोघांकडं नीट पाहिलं. दैवशाला प्लास्टरकडं बघत होती.

"मग तुमचं बी नाव घालू का ह्यात?"

"घाला," ते म्हणाले. "आधी माझंच घाला."