चिखल न पाहिलेला मळा

मी मळा बोलतोय. लगेच विहीर आणि बांध शोधायला निघू नका. मी वसुमतीबाईंच्या टॅबमधला मळा आहे.

२०१४ साली सईने आईच्या टॅबवर हा खेळ उतरवून दिला, तोच माझा जन्म. सई नोकरीसाठी पुण्याला निघाली होती. डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आई दिवसभर एकटी, तिला विरंगुळा हवा. सईने माझ्या शेजारी स्वतःचाही एक मळा उघडला. आमची शेती सोपी. बोटाने दाबलं की नांगरट, पुन्हा दाबलं की पेरणी. बारा तासांत पीक तयार, आणि कापलं की तिथल्या तिथे विक्री. पिकलेलं दोन दिवसांत मालकाने कापलं नाही, तर मात्र सगळं वाळून जायचं; शेजाऱ्याला नुसतं पाणी घालता यायचं.

बाईंचे यजमान विष्णूराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात. चहा पिताना ते म्हणायचे, बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. मला राग यायचा, पण त्यात खोटं काय होतं? नवल मला माणसांचंच वाटायचं. दारातली तुळस पाण्यावाचून सुकते आणि माझ्या भोपळ्यांसाठी पहाटे पाचचा गजर लावतात!

पुढच्या वर्षी सईने घरी न सांगता गौरवशी रजिस्टर लग्न केलं. या घराला आता मुलगी नाही, असं विष्णूरावांनी तिला फोनवर ठणकावलं. बाईंनाही तिला फोन करायची बंदी झाली. पण शेजारचा मळा बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सई रोज सकाळी यायची, माझ्या पिकाला पाणी घालून जायची. संध्याकाळी बाई तिच्या मळ्यात पाणी घालून यायच्या. एक अक्षर लिहायचं नाही, निरोप नाही. नवऱ्याचा शब्द मोडला नाही आणि लेकही सुटली नाही. दीड वर्ष त्या दोघी माझ्या जिवावर तगल्या. फुशारकी म्हणा हवं तर.

२०१६च्या ऑक्टोबरात बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठ दिवस टॅबकडे बघायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. बाईंचा जीव टांगणीला लागला. मळा वाळला तर सईला वाटणार, आता आईनेही दार लावलं. शेवटी सरावलीहून धुण्याभांड्याला येणाऱ्या जिवलीला त्यांनी सगळं खरं सांगितलं आणि टॅब तिच्या हातात दिला.

जिवलीने मला निरखून पाहिलं. तण काढायचं नाही? उंदीर नाहीत? रानडुक्कर नाही? मग ह्याला शेती कोण म्हणतं, म्हणून ती तोंडाला पदर लावून हसली. तेव्हापासून मलाही प्रश्न पडायला लागले. तण म्हणजे काय? चिखलात पाय रुततो म्हणजे नेमकं काय होतं? तिच्या बोटांना भेगा होत्या, टॅबला त्यांचा स्पर्श चटकन कळायचा नाही. तरी तीन दिवस तिने मका कापला, भोपळे तोडले. चौथ्या दिवशी पेरणीच्या यादीत तिला भाताचं चित्र सापडलं. अहो, काय हरखली! सगळ्या वाफ्यांत भातच पेरला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, भात पिवळाधमक. आता कापेल, मग कापेल, म्हणून मी वाट बघतोय. जिवली बोट लावेना. तिच्या पाड्यावर नवं झाल्याशिवाय, म्हणजे नवा भात आधी कणसरी देवीपुढे ठेवल्याशिवाय, त्यातला दाणा कुणी खात नाही की विकत नाही. आणि माझ्याकडे तर कापला की विकलाच. सासूने नव्याचा दिवस रविवारचा धरला होता. उभा भात चार दिवसांत कुठे मरतो, असा तिचा साधा विचार. ती टॅबला हात जोडून भांडी घासायला गेली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "तुमचा भात चांगला पिकलाय, बाई."

ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला कंठ दिलेला नाही. शुक्रवारी मी वाळलो, शेंड्यापासून बुडापर्यंत. सई आली, थांबली, गेली. परत आली. वाळलेल्या पिकाला पाणी घालता येत नाही, तरी ती दाबत राहिली. दुपारपर्यंत सहा वेळा आली.

आणि मग घरातला फोन वाजला. विष्णूराव जेवायला आले होते, त्यांनीच उचलला. मी फोनशेजारीच पडलेला, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"बाबा, ठेवू नका," सई म्हणाली. "तुम्हाला हवं ते मला बोला. पण आई आहे ना? एवढंच सांगा."

बाई काळा चष्मा लावून भिंतीला धरत धरत आल्या. त्यांच्याकडे बघून विष्णूरावांनी घसा खाकरला.

"आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिच्या. येऊन बघून जा." मग म्हणाले, "दोघंही या."

माझं काय झालं ते कळल्यावर जिवली रडकुंडीला आली. बाईंनी तिला जवळ ओढलं. रविवारी तिने नव्या तांदळाचा भात डब्यातून आणला, आणि सई, गौरव, बाई, विष्णूराव असे सगळे एका पंगतीला बसले. त्या भाताचा वास फार छान येतोय, असं जो तो म्हणत होता. वास म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर मला पाणी कोण घालणार? मायलेकी रोज फोनवर बोलायला लागल्या. आता २०१९ चाललंय, टॅब कपाटात असतो. महिनाअखेरीस हा खेळच बंद होणार, अशी सूचना आली आहे. माझी तक्रार नाही. हजारो पिकं काढली, त्यातलं एकही कुणाच्या ताटात पडलं नाही. जे वाळलं तेवढं कामी आलं.

जाता जाता एवढंच सांगतो. तुमच्याही मळ्यात रोज कुणी न बोलता पाणी घालून जात असेल, तर पीक वाळायची वाट बघू नका. तुम्हीच फोन करा.