सतरा नंबरची बाजू

मास्तर दोन वर्षं सतरा नंबरची बाजू लढवत होते आणि त्यातल्या एका शब्दावरही त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता.

राष्ट्रीय फुटबॉल संघात नव्याने आलेल्या पोरांपैकी पुढे कोण चमकणार, असा तो वाद. सतरा नंबरवाला डाव्या बाजूने सुसाट पळणारा, केस रंगवलेला, गोल झाला की अंगातला शर्ट काढून भिरकावणारा. बावीस नंबरवाला मधल्या फळीतला, किडकिडीत, मैदानात आहे की नाही असा प्रश्न पडावा इतका गुपचूप. मास्तरांना खेळ कळत होता. चेंडू पायाशी यायच्या आधी बावीस दोनदा मान वळवून मागे बघून घेतो, हे त्यांनी पहिल्याच सामन्यात हेरलं होतं. हे पोरगं नाव काढणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तरीही रविवारी संध्याकाळी सहाला फोन वाजला की मास्तर घसा खाकरून म्हणायचे, "तुझ्या बावीसचं काही खरं नाही बघ."

फोन मुलीचा असायचा. ती अकरा वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन दुसऱ्या शहरात गेली, बसने चार तासांवर. आरडाओरडा झाला नाही, भांडी आपटली गेली नाहीत. नवरा-बायकोचं पटेना आणि दोघांनाही ते मान्य होतं, एवढंच. रविवारचा फोन तेव्हापासूनचा. पहिली कित्येक वर्षं तो तीन मिनिटांत आटपायचा. अभ्यास? चाललाय. आई? मजेत. जेवलीस? हो. मग दोघं आपापल्या टोकाला एकमेकांचा श्वास ऐकत बसायचे, आणि "ठेवते बाबा" आलं की मास्तरांना आधी सुटल्यासारखं वाटायचं. अर्ध्या तासाने मात्र खोली खायला उठायची.

पुढे ती शिकली, नोकरीला लागली, आणि एका रविवारी आपणहून म्हणाली, "बाबा, तो बावीस नंबरवाला पाहिलात? तो मोठा होणार." मास्तरांना ते शंभर टक्के पटलं होतं. पण हो म्हटलं की विषय संपला, विषय संपला की फोन संपला, हे तेरा वर्षांत त्यांना पाठ झालं होतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "छे छे, खरा हिरा सतरा!" मुलगी जी पेटली, ती चाळीस मिनिटं बोलत होती. फोन ठेवला तेव्हा मास्तरांचा कान गरम झाला होता आणि दिवा लावायचं राहून गेलं होतं. त्या दिवसापासून ते सतराचे झाले.

आता खोटी बाजू लढवायची तर मुद्दे हवेत. ते मास्तरांना कामावर फुकट मिळायचे.

मास्तर कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचे ठसे पाठवत, त्यांत प्लॅस्टर ओतून साचे निघत, आणि त्या साच्यांवर मास्तर गुलाबी मेणात एकेक दात बसवत. शेजारच्या टेबलावर साचे काढणारा गडी बसे, त्याला सगळे प्लॅस्टरच म्हणत. भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरा असलेला हा माणूस सतराचा सच्चा भक्त. आठवडाभर दोघांची जुंपायची. इथे मास्तर मनापासून बावीसच्या बाजूने भांडायचे, हातातला दात मेणात खुपसायचा विसरून. शनिवारपर्यंत प्लॅस्टर जे काही सतराबद्दल बोलला असेल, ते रविवारी मुलीच्या अंगावर टाकायचं, आणि मुलीने त्याच्या ज्या चिंध्या केल्या असतील त्या सोमवारी प्लॅस्टरसमोर मांडायच्या. असा हा इकडचा माल तिकडे करण्याचा धंदा दोन वर्षं बिनबोभाट चालला.

"तुम्ही रविवारी कुठे शिकवणीला जाता का हो?" प्लॅस्टर वैतागून विचारायचा. "शुक्रवारी तुमची वाचा बसलेली असते आणि सोमवारी बघावं तर नवी धार!"

मास्तर मेणाची सुरी दिव्यावर धरून नुसते हसायचे. मुलीबद्दल कामावर कधी बोलले नव्हते. बोलले असते तर ती येते का, राहते का, तुम्ही जाता का, हेही प्रश्न आले असते.

पण खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ते काही उगाच नाही. मोठ्या स्पर्धेचा संघ जाहीर झाला. त्यात बावीस पहिल्या अकरांत होता आणि सतरा नव्हताच. राखीव खेळाडूंतही नाही. गुडघा दुखावला असता तर निदान नशिबाला बोल लावता आला असता, पण प्रशिक्षकाने त्याला चांगला धडधाकट असताना घरी बसवला होता.

त्या रविवारी मुलगी म्हणाली, "संपलं बाबा. आता तरी हार माना."

"अजून वय काय त्याचं," मास्तर म्हणाले. प्लॅस्टरने आठवडाभर दुखवटा पाळला होता, त्यामुळे त्यांच्याकडे नवं काहीच नव्हतं. "येईल परत."

"नाही येणार. तुम्हालाही माहितीये."

नऊ मिनिटांत फोन संपला. मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पुढच्या रविवारी नवाची सहा मिनिटं होतील, मग तीन होतील, आणि मग पुन्हा अभ्यासाच्या जागी नोकरी घालून तेच प्रश्न. त्यांना खरंच भीती वाटली.

बुधवारी दुपारी ते तयार कवळ्या दोन दवाखान्यांत पोचवून परत आले, तर त्यांच्या स्टुलावर मुलगी बसलेली. मांडीवर पिशवी, समोर चहाचा कप, आणि प्लॅस्टर हातवारे करून बोलतोय. तीन वर्षांनी तिला पाहत होते ते. किती वाळली होती पोरगी. इकडे काही काम निघालं असेल, असं त्यांनी मनाशीच ठरवून टाकलं.

"या मास्तर!" प्लॅस्टर ओरडला. "एवढी मोठी मुलगी, आणि आम्हाला पत्ता नाही? आणि ती म्हणते तुम्ही सतराचे! अगं, या माणसाने दोन वर्षं माझं डोकं खाल्लंय बावीस, बावीस करून. ते बघ, चित्रसुद्धा लावलंय."

टेबलाच्या वरच्या भिंतीवर, दातांच्या रंगांच्या तक्त्याशेजारी, वर्तमानपत्रातून कापलेला बावीस मान वळवून मागे बघत होता.

"दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे," प्लॅस्टर स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन म्हणाला. "तेही कवळ्यांच्या कारखान्यात!"

मुलगी हसली नाही. तिने कप खाली ठेवला आणि पिशवी खांद्याला लावली. "मी निघते बाबा. चारची बस आहे."

मास्तर तिच्यामागून निघाले. बसस्टँडपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता, वाटेत टायरची दुकानं, एक शाळा, कपडे वाळत घातलेली लांबच लांब इमारत. शाळा मागे पडल्यावर ती त्यांच्याकडे वळली.

"का?" ती म्हणाली.

"हो म्हटलं असतं तर तू फोन ठेवला असतास."

"म्हणून दोन वर्षं खोटं बोललात?"

"फुटबॉलबद्दलच ना," मास्तर म्हणाले. "त्यात काय एवढं."

ती थांबली. "आई माझ्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणते. ऑफिसात सगळे हो म्हणतात आणि पाठ फिरली की करायचं तेच करतात. मला वाटायचं, एक माणूस आहे जो मनात असेल ते मला तोंडावर सांगतो. मी मैत्रिणींना सांगायचे, माझे बाबा जाम हट्टी आहेत म्हणून. मला आवडायचं ते."

स्टँडवर पोचल्यावर मास्तरांनी जे होतं ते बोलून टाकलं. "मी फार एकटा असतो गं. आठवड्यात तेवढंच असतं मला. ते जाऊ नये म्हणून केलं."

तिने त्यांच्याकडे बघितलं, ओठ हलले, पण तेवढ्यात बस लागली आणि माणसं दाराशी रेटारेटी करू लागली. ती चढली. खिडकीतून तिने हात केला की केस मागे सारले, ते मास्तरांना नीट कळलं नाही.

रविवारी सहा वाजले. सव्वासहा झाले. मास्तरांनी फोन उचलून कानाला लावून पाहिला, चालू होता. साडेसहाला त्यांनी चहा केला आणि तसाच ठेवला. या सगळ्या वर्षांत त्यांनी आपण होऊन तिला एकदाही फोन केला नव्हता. ती कामात असेल, तिची आई उचलेल, मध्येच कुठे त्रास द्या, अशी कारणं त्यांच्यापाशी ढिगाने होती. खरं कारण एकच होतं. तिने नाइलाजाने उचलला, तर ते आवाजात ऐकू आलं असतं.

पावणेसातला त्यांनी नंबर फिरवला. पाच-सहा वेळा रिंग वाजली.

"हां, बाबा."

"फुटबॉलचं काही नाहीये," मास्तर घाईघाईने म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. वाट बघितली आणि केला." आता मदतीला सतराही नाही, बावीसही नाही. "रागावली आहेस ना?"

"आहे."

"रागाव. बरोबर आहे तुझं."

मास्तरांनी "ठेवते बाबा" ऐकण्याची मनाची तयारी केली.

"बाबा, मी बुधवारी चार तास बसमधून आले," ती म्हणाली. आवाज आता लहान झाला होता. "रजा टाकून. तुम्ही मला स्टँडपर्यंत सोडलंत, इतकं बोललात. पण मी कशाला आले होते, ते तुम्ही विचारलंच नाहीत."

तिचा वाळलेला चेहरा मास्तरांनी पाहिला होता. पाहिला होता, आणि आपल्या फोनचं काय होणार याच विवंचनेत राहिले होते.

"कशाला आली होतीस, बाळा?"

ती रडायला लागली. मग हुंदके आवरत, मधेच थांबत, पहिल्यापासून सांगू लागली. मास्तरांनी पायाने खुर्ची जवळ ओढली आणि बसले, आणि ती सांगत होती तोवर एकदाही मध्ये बोलले नाहीत.