डाव्या हाताची आरती

तापीबाईंनी शेंगेचं टरफल थुंकलं आणि पडद्याकडे बोट केलं.

"हाई तू नही शे. तुन्हा तीळ डावा गालवर शे, हिन्हा उजवा."

सासूचं हे ऐकून रंजनाबाईंनी कपाळावर हात मारला. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या सिनेमाच्या तंबूत पुरुष पडद्यापुढे बसतात आणि बाया पडद्यामागे, हे त्या ब्राह्मणपुरीहून निघताना साफ विसरल्या होत्या. लग्नाआधी मुंबईला मामाकडे असताना त्यांनी दीड सिनेमात काम केलं होतं, स्वतःच्या गळ्यानं गायल्याही होत्या. दुसरा सिनेमा अर्ध्यावरच बसला. हे ऐकल्यापासून सासूचं एकच म्हणणं, सुनेनं माहेरची बढाई मारावी, पण काही सुमार? म्हणून तर त्यांचा तो पहिला सिनेमा यात्रेत आल्याचं कळताच त्या गाडी जुंपून सासूसकट अख्ख्या गल्लीच्या बाया घेऊन आल्या होत्या. आज पटलं नाही, तर जन्मात पटणार नव्हतं.

"माय, आपन पडदाना मांगे बठेल शेतस. आठेथीन सगळं उलटं दिखस."

तेवढ्यात पडद्यावरच्या पोरीनं आरतीचं तबक ओवाळायला घेतलं. डाव्या हातानं. बाया फिदीफिदी हसल्या.

"देवनी आरती आन डावा हात!" तापीबाई कडाडल्या. "आमना घरनी सून आशी नही शे!"

रंजनाबाईंना हसावं की रडावं कळेना. सासू त्यांचीच बाजू घेऊन त्यांनाच खोटं पाडत होती.

मग गाणं आलं. पोर खाटेवर खोकत होती आणि धडधाकट माणसालाही जमणार नाही इतक्या मोठ्यानं गात होती. तापीबाईंचा हात शेंगांच्या पिशवीतच थांबला. त्यांनी डोळे मिटले. हा गळा त्यांनी कापूस वेचताना रोज ऐकला होता. 'आवाज कमी कर, बैल बुजतीन' म्हणून दटावलाही होता.

वरचा सूर लावून पोर उशीवर कलंडली. उशाशी जळणारा दिवा विझला.

अंधारात रंजनाबाईंचं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. बांगड्या रुतल्या.

"मरी गई?" तापीबाईंचा आवाज चिरकला होता.

"हा, माय."

"परत येई का?"

"नही. मन्हं काम इतलंच व्हतं."

तापीबाईंनी पदरानं डोळे टिपले. पडद्यावर नायक आत्ता कुठे घोड्यावरून येत होता. पलीकडे पुरुषांनी शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला. तापीबाईंनी सुनेचं मनगट न सोडता पिशवी काखेत मारली.

"मंग ऊठ," त्या म्हणाल्या. "आते कोनाकरता बठानं?"