आड ठेवलेली वाइन

मित्रांनो, मी एक जुनी वाइनची बाटली आहे आणि माझी हकिगत तुमच्यापैकी एकालाही खरी वाटणार नाही. न वाटो. ज्या द्राक्षांतून माझी वाइन झाली, त्यांचा एक घड उचलायला चार माणसं लागत. माझी काच ज्याने फुंकली, त्याचा श्वास अजून माझ्या पोटात घुमतो. तिथून मी दुकानाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, झाडूशेजारी कशी आले, हे मात्र विचारू नका.

तिथून मला एका जावयाने उचललं. तो इस्त्रीच्या दुकानात काम करायचा. कापडावरची सुरकुती त्याला लांबून दिसायची, पण वाइनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मुलीच्या लग्नावर रुसलेले सासरे चार वर्षांनी पहिल्यांदाच घरी येणार होते.

"भारी दिसते ना?" त्याने दुकानदाराला विचारलं.

"दिसायला काय, दिसते," दुकानदार म्हणाला. जावयाने हेल्मेट चढवून स्कूटर सुरू केली, तेव्हा दुकानदार दारातून ओरडला, "आडवी ठेवा हो! बूच ओलं राहायला हवं."

हेल्मेटमधून जावयाला ऐकू आलं ते एवढंच, "आड ठेवा."

घरी येऊन त्याने नखाने माझ्यावरची किंमत खरवडली आणि मला शेगडीच्या वरच्या फळीवर, डब्यांच्या आड उभं केलं.

"अरे, तिथे कशाला?" बायकोने विचारलं.

"आडच ठेवायची असते. भारी मालाचं तुला नाही कळायचं."

सासरे येतो येतो म्हणत सात महिन्यांनी आले. तोवर माझ्याखाली रोज दूध उतू गेलं, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. माझं बूच वाळलं, आक्रसलं, हवा आत शिरली आणि मी आंबत गेले. मला कळत होतं, मित्रांनो. एखादा थेंब गाळून इशारा द्यायला हवा होता. पण मला ती ऊब आवडायला लागली होती. आजही ते आठवलं की बुडाला घाम फुटतो.

सासऱ्यांचा जन्म दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेला होता. घरात पाऊल ठेवल्यापासून ते प्रत्येक वस्तू नजरेने तोलत होते. लेक सकाळपासून स्वयंपाकात होती. वडिलांनी आपल्या घरी पोटभर जेवावं, एवढंच तिला हवं होतं.

मला उघडताना बुचाचा चुरा झाला. जावयाने मला चहाच्या गाळणीतून ओतलं. हा माझ्या शेजारी बसलाय ना, त्याच पेल्यात. सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि तो गिळायला बराच वेळ लावला.

"जावईबापू, ही ठेवली कुठे होती?"

जावयाचे कान लाल झाले. "शेगडीवरच्या फळीवर. म्हणजे... हिनं ठेवली होती."

लेकीने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. "चुकलंच माझं, बाबा," ती म्हणाली आणि वाढत राहिली.

"साधी बाटली सांभाळता येत नाही तुला," वडील म्हणाले. "संसार काय सांभाळणार? चार वर्षांपूर्वी हेच म्हटलं होतं मी." त्यांनी रुमालाची घडी घातली आणि खुर्ची मागे सरकवली.

मित्रांनो, तेव्हा मला राहवलं नाही. मी गळा साफ केला आणि भर पंगतीत बोलले, "थांबा! तिचा काही दोष नाही. मला याने ठेवलं, आणि मी भारीही नाही." सगळे थक्क. सासऱ्यांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली आणि लेकीला म्हणाले, "वाढ अजून थोडं." म्हणून सांगते, बाटली असो की माणूस, घरी आणलं की नीट सांभाळा. आणि दुसऱ्यावर आळ येताना दिसला, तर माझ्यासारखं धिटाईने...

"साफ खोटं," पेला म्हणाला. "तू हूं की चूं केलं नाहीस. जावईच बोलला. 'बाबा, ठेवली मी आणि ढकललं हिच्यावर,' असं. बोलताना त्याची मान वर होत नव्हती, आणि तू आपली मधोमध चकाकत उभी होतीस."