लागला की मारला

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण शाळेतला नाही. अभनपूरच्या एका सुतारानं एकाच सागवानातून आम्हा दोघा भावांना घडवलं. भाऊ शाळेत गेला. त्याच्या अंगावर पाढे आले, कविता आल्या, परीक्षेच्या तारखा आल्या. माझ्या नशिबी रायपूरचं एक पोलीस ठाणं आलं. कोणतं ते सांगत नाही, उगाच कोणाला बोल लागायला नको.

तिथं बाबाराव नावाचे मुन्शी होते. ठाण्यात येणाऱ्याची तक्रार ऐकून रिपोर्ट लिहायचा, हे त्यांचं काम. घराणं विदर्भातलं, बाप रेल्वेत होता म्हणून इकडे आलेलं. त्यांनी पांढऱ्या रंगानं माझ्यावर रकाने आखले: हत्या, हत्या का प्रयास, लूट, चाकूबाजी, मारपीट. पुढे मागचं वर्ष, हे वर्ष आणि शेवटी वाढ की घट. आकडे खडूनं लिहायचे. लिहिताना हिंदीत लिहायचे आणि पुटपुटायचे मराठीत. तीस वर्षं ते पुटपुटणं ऐकलं, म्हणून मीही मराठीच बोलतो.

मोठे साहेब तपासणीला आले की माझ्यासमोर उभे राहून अक्षराची तारीफ करायचे. तेव्हा मी फुगून जायचो. आता त्याची लाज वाटते. साहेब अक्षर पाहायचे, घट पाहायचे आणि चहा पिऊन जायचे.

सुरुवातीला चाकूबाजीच्या रकान्यात महिनेमहिने शून्य असायचं. भांडणं होत, नाही असं नाही, पण हातापायांवर निभावत. मग हळूहळू दिवस फिरले. गाडी घासली, काढ चाकू. एकटक काहून पाहिलं, काढ चाकू. चाकू कुरिअरनं घरपोच येऊ लागले, आणि ते मागवणाऱ्या कित्येक पोट्ट्यांना धड मिसरूडही फुटलेलं नसायचं. एक आकडा लिहून होत नाही तोच दुसरा. पुसून पुसून माझा काळा रंग उडाला. मित्रांनो, लाकूडसुद्धा थकतं, फक्त त्याला विचारत कोणी नाही.

एका मंगळवारी दुपारी विनोदिनीताई आल्या. बाजूच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहायच्या, आपल्याच मराठी. पदराला रक्त होतं. त्यांच्या मुलाला, अभिनवला, गल्लीतल्या राकेशनं भोसकलं होतं. अभिनव त्याला गाडी पुढे घे म्हणाला, एवढंच निमित्त. दंडाला अकरा टाके पडले होते.

"बाबाराव," त्या म्हणाल्या, "माझ्या पोराले चाकू लागला."

आपल्या भाषेत असंच म्हणतात. बाबारावांनी ते ऐकलं आणि सवयीनं हिंदी करून लिहिलं, 'झगड़े में चाकू लग गया।' लग गया म्हटल्यावर कोणी मुद्दाम मारलाच नाही. बाईंनी सही केली. प्रकरण मारपीटच्या रकान्यात पडलं आणि राकेश संध्याकाळी जामिनावर घरी गेला. त्याचं घर अभिनवच्या घरापासून तिसरं.

गुरुवारी ताई पुन्हा आल्या. "त्याले काहून सोडलं? दारापुढं उभा राहून म्हणून राहिला, या वेळी वाचला, पुढच्या वेळी पाहतो."

"ताई, तुम्हीच तर लागला म्हणाल्या."

"मंग काय म्हणू? ठेच लागली म्हणतो, ऊन लागलं म्हणतो, चाकू लागला म्हणतो. लागला म्हणजे काय आपोआप लागला?"

बाबारावांनी पेन खाली ठेवलं. परक्या मुन्शीकडून ही चूक झाली असती तर समजलं असतं. पण ही तर त्यांच्या आईची भाषा होती. ते तसेच उठून ठाणेदारांकडे गेले आणि म्हणाले, बयान पुन्हा घ्यावं लागेल, हा हत्येचा प्रयत्न आहे, पोट्टा आत पाहिजे.

ठाणेदार वाईट माणूस नव्हता. त्यानं दारातून माझ्याकडे पाहिलं. "बाबाराव जी, बड़ी मुश्किल से ग्राफ नीचे आया है। सोमवार की मीटिंग हो जाने दो, फिर देखते हैं।"

बाबाराव बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, सोमवारी करतो." मला ओरडावंसं वाटत होतं, पण फळ्याला आवाज कुठला?

शनिवारी भर दुपारी, चहाच्या टपरीवर, राकेशनं अभिनवला गाठलं.

विनोदिनीताई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा रडत नव्हत्या. टेबलापुढं उभ्या राहिल्या.

"लिहा बाबाराव. मारला. आता तरी नीट लिहा."

बाबारावांनी हत्येच्या रकान्यात आकडा वाढवला. तो वाकडा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं अक्षर बिघडलं. मंगळवारचं प्रकरण मारपीटमध्येच राहिलं, म्हणून सोमवारच्या मीटिंगमध्ये त्या महिन्याची चाकूबाजी एकानं कमी दिसली, आणि साहेब त्यावर बरं बोलले. तो कमी झालेला एक म्हणजे अभिनव होता. बाबाराव ते विसरले नाहीत, मीही नाही.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत बाबारावांनी प्रत्येकाला पेन खाली ठेवून विचारलं, "लागला, की मारला?" माझ्यावरचे आकडे चढले. ठाणेदारानं तोंड वाकडं केलं. पुढे भिंतीवर टीव्ही आला आणि मी भंगारात निघालो. बाबारावांनी मला घरी आणलं, दोनदा काळा रंग दिला आणि नातीच्या, ज्ञानदाच्या, अभ्यासासाठी टांगलं. म्हातारपणी माझ्यावरही पाढे आले.

परवा ती शाळेतून आली. कोपर सोललेलं, आणि दंडावर बोटांचे वळ.

"काय झालं वं?"

"कुछ नहीं आबा, लग गया," ती हिंदीतच म्हणाली आणि माझ्यावर सातचा पाढा लिहू लागली.

बाबाराव तिच्याजवळ खाली बसले. "लागलं, की कोणी मारलं?"

पोरगी थांबली. बाबारावांनी घाई केली नाही, ते नुसते बसून राहिले. बऱ्याच वेळानं तिनं हळूच एक नाव सांगितलं. ते चप्पल घालून तेव्हाच शाळेकडे निघाले. सोमवारपर्यंत थांबले नाहीत.

मित्रांनो, माझी काळजी नाही घेतली तरी चालेल. पण कोणी 'लागलं' म्हणालं तर एकदा जवळ बसून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.