किशोरीचं उत्तर

मिठबावच्या सत्यवतीबाईंना शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं, सोबतीला असलेला भाऊही गेला, आणि दिवसच्या दिवस कोणाशी बोलणं होत नसे. शेजारची दिव्या बारावी झाली, तेव्हा तिची पुस्तकं वाचायला म्हणून बाईंनी मागून घेतली. जीवशास्त्राचं चाळताना एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. काही आरएनए स्वतःच विकराचं, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणण्याचं काम करतात, त्यांना रायबोझाइम म्हणतात.

ब्याण्णव साली त्यांच्या वर्गातल्या किशोरीने सहामाहीच्या पेपरात हेच लिहिलं होतं. सगळी विकरं प्रथिनंच असतात, असं तेव्हा पुस्तकात होतं. हिने लिहिलं, तसं नाही. आरएनएचा धागा प्रथिनाच्या मदतीवाचून स्वतःला कापतो आणि जोडतोही. वेंगुर्ल्याला मामाकडे कुठल्याशा मासिकात तिने ते वाचलं होतं. बाईंनी लाल रेघ मारली, वर ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. मुलं हसली. त्यानंतर किशोरीने कधी हात वर केला नाही.

पुढे कोल्हापूरच्या एका प्रशिक्षणात बाईंना कळलं की पोरगी बरोबर होती. पेशीत प्रथिनं विणली जातात तिथला सांधासुद्धा आरएनएच जोडतो, हेही त्यांनी नंतर वाचलं. पण किशोरीला सांगायचं राहून गेलं.

दिव्याच्या पुस्तकातली ती ओळ वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई एस.टी.ने, मालवणला गाडी बदलून, कट्टा गावाला गेल्या. किशोरी तिथे काजू फोडण्याचा कारखाना चालवत होती. तिने खुर्ची दिली, चहा मागवला. वाटेत घोकलेलं बाईंनी एका दमात सांगून टाकलं आणि म्हणाल्या, "माझं चुकलं होतं, किशोरी."

किशोरी जरा गोंधळली. "बाई, माका ह्या कायच आठवणा नाय. दुसरी कोण आसात ती."

"तूच होतीस."

बाईंचा चेहरा बघून की काय, तिने विचारलं, "तो धागो आपल्याकच कसो कापता?"

बाईंनी पर्समधलं पेन काढलं. पावतीच्या पाठीवर वळलेला धागा काढून त्या समजावू लागल्या. आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत लागला. कापायच्या जागेपर्यंत येतात तोच बाहेर टेम्पो लागला. "इलंय हां, बाई," म्हणत किशोरी उठली ती पोती मोजण्यात गुंतली.

बाईंनी अर्धा तास वाट पाहिली. मग तिला लांबूनच हात केला आणि थांब्यावर आल्या. गाडी रिकामीच होती. बसल्यावर त्या हळू आवाजात उरलेलं सांगत राहिल्या, मालवण येईपर्यंत.